पर्यावरणीय आरोग्याच्या पदवीविषयी सोलापूर विद्यापीठाला खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, विद्यापरिषद आणि विज्ञान शाखेच्या अभ्यासमंडळांचे सर्व सदस्य,
पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, केगाव, सोलापूर.

स. न. वि. वि.

सोलापुरात पर्यावरणीय आरोग्य या विषयाची चार वर्षांची पदवी सुरू करावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. पण त्याहून अधिक काळजी ती पदवी कशी असेल याची आहे. पर्यावरणशास्त्राच्या जुन्या अभ्यासक्रमात दोन पेपर आरोग्याचे घालून नवे नाव दिले, तर चार वर्षांनी पदवीधर तयार होतील, पण त्यांच्यातल्या एकालाही नळाच्या पाण्याचा नमुना धड घेता येणार नाही.

दोन विषयांतला फरक आपल्याच पाण्यावरून सांगतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनी धरणात येते, त्यातल्या नत्र-स्फुरदामुळे जलाशयात शेवाळ माजते, हा पर्यावरणशास्त्राचा अभ्यास. तेच पाणी शुद्धीकरण केंद्र, उंच टाकी, गल्लीतली जलवाहिनी आणि घरातले बॅरल असा प्रवास करून एखाद्या मुलाच्या पोटात जाते, तेव्हा त्याच्याबरोबर काय जाते, कुठल्या टप्प्यावर ते आत शिरले आणि कुठे अडवता आले असते, हा पर्यावरणीय आरोग्याचा अभ्यास. या शाखेचा माणूस उगमापासून माणसापर्यंत येतो, किंवा आजारी माणसापासून माग काढत उगमापर्यंत जातो. वाटेतली प्रत्येक पायरी त्याला स्वतःच्या हाताने मोजता आली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरणाचा सक्तीचा पेपर प्रत्येक पदवीला आला. त्याने जाणीव दिली, ते ठीकच झाले. मोजायचे कसे, ते शिकवणे हे त्याचे काम नव्हते.

पाण्यापासून सुरुवात करू, कारण सोलापुरात या विषयाचे निम्मे शिक्षण पाण्यातच आहे.

शहराला वर्षानुवर्षे रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते. पाणी बंद झाले की वाहिनीतला दाब उतरतो. शेजारून गटार वाहत असेल आणि सांधा सैल असेल, तर गटाराचे पाणी आत झिरपते. कुणी नळाला थेट मोटार जोडली असेल तर ती रिकाम्या होत आलेल्या वाहिनीतून ओढत राहते आणि हे झिरपणे आणखी वाढवते. म्हणून नमुना कधी घेतला, याला फार किंमत आहे. एकाच नळावर पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत एक आणि अर्ध्या तासाने दुसरा नमुना घ्यावा. पहिला दूषित आणि दुसरा स्वच्छ निघाला, तर बिघाड त्या गल्लीतल्या वाहिनीत शोधावा. दोन्ही दूषित असतील, तर टाकी किंवा त्याच्याही मागे जावे लागते. फक्त दुसराच नमुना घेणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

बाटली निर्जंतुक हवी, हे सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यात आधीपासून सोडियम थायोसल्फेट असावे लागते, हे राहून जाते. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतो आणि नळावर दूषित असलेले पाणी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ‘पिण्यायोग्य’ होऊन बसते. नमुना बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांत आणि काहीही झाले तरी चोवीस तासांच्या आत पोचवायचा. मे महिन्यात मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर फिरलेल्या बाटलीचा अहवाल कुठल्याच कामाचा नसतो.

पाण्यातला क्लोरीन मोजणाऱ्या ओटी टेस्टचेही तसेच. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत दिसणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा. नंतर जो गडद होत जातो, त्यात अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीनही असतो, आणि तो जंतू मारण्यात बराच दुबळा. दहा मिनिटांनी क्लोरोस्कोप (रंग ताडून पाहायचे उपकरण) उचलून पाहणारा माणूस वहीत जास्तीचा आकडा लिहितो आणि निर्धास्त होतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे नळाच्या टोकाला मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, आणि विषाणूजन्य साथीच्या वेळी ०.५. ऑर्थोटोलिडिन शरीराला घातक आहे, त्यामुळे प्रयोगशाळेत डीपीडी या दुसऱ्या रसायनाने क्लोरीन मोजण्याची पद्धत शिकवावी. पण गावांत ओटीच दिसते, तेव्हा विद्यार्थ्याला दोन्ही यायला हव्यात.

गावातल्या विहिरीचा हिशेब बघा. व्यास ३ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४ भागिले ४, म्हणजे साधारण २८.३ घनमीटर, अर्थात २८,३०० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम धरले तर ७१ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पुस्तक इथे संपते. या आकड्यात गृहीत धरलेले असते की पावडरीत ३३ टक्के क्लोरीन आहे. उघड्या पोत्यात, दमट खोलीत काही महिने पडलेली पावडर १५ टक्क्यांवर उतरली असेल, तर तेवढ्याच परिणामाला १५६ ग्रॅम लागेल. शिवाय पाण्यात गाळ आणि सेंद्रिय घाण असेल तर ती क्लोरीन आधी खाते, म्हणून त्या पाण्याची क्लोरीनची गरज हॉरॉक्स पेटीने मोजावी लागते. पावडर थेट विहिरीत फेकली तर चुन्यासकट तळाला जाते. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग पाऊण बादली पाणी ओतायचे, पाच-दहा मिनिटे निवळू द्यायचे, वरचे पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती बादली दोराने विहिरीच्या पाण्याखाली सोडून वरखाली हलवायची. अर्धा तास थांबायचे आणि मग पुन्हा ओटी. हे सगळे गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या एका जलसुरक्षकाबरोबर उभे राहून केले की विद्यार्थ्याला पाण्याच्या सुरक्षिततेनुसार गावांना मिळणारी लाल, पिवळी, हिरवी कार्डे कशावरून ठरतात तेही आपोआप कळते. बोअरमधल्या नायट्रेटचा विषय वेगळा. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि पाणी उकळून ते कमी होत नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. क्लोरीनचे उत्तर नायट्रेटला देणारा पदवीधर नको.

काही दिवसांआड पाणी म्हणजे घरोघरी साठा, आणि साठा म्हणजे एडिस डास. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी होऊनही कित्येक महिने टिकतात. बॅरल रिकामे करून तसेच पुन्हा भरले की ती फुटतात. म्हणून साठ्याची भांडी रिकामी करण्याचा कोरडा दिवस म्हणजे नुसते ओतून देणे नव्हे. आतून घासणे हा त्यातला खरा भाग. अंड्यापासून डास होईपर्यंत उन्हाळ्यात आठ-दहा दिवस लागतात. बॅरलचा तळ कधीच रिकामा होत नसेल, तर दोन पाळ्यांच्या पाण्यात एक पिढी सहज पुरी होते.

सर्वेक्षणाचे गणितही नीट शिकवावे लागेल. समजा १०० घरे पाहिली, १२ घरांत अळ्या सापडल्या. भांडी ६४० पाहिली, २१ भांड्यांत अळ्या होत्या. हाऊस इंडेक्स (शंभर घरांमागे अळ्यांची घरे) १२, कंटेनर इंडेक्स (शंभर भांड्यांमागे अळ्यांची भांडी) ३.३, ब्रेटो इंडेक्स (शंभर घरांमागे अळ्यांची भांडी) २१. कंटेनर इंडेक्स एकटा वाचला तर सगळे आलबेल वाटते, कारण सोलापुरात घरागणिक भांडीच इतकी असतात की भागाकार लहान येतो. बंद घरे वगळली की आकडा आणखी खाली येतो, आणि गच्चीवरची टाकी शिडी नाही म्हणून पाहिलीच नाही तर आणखी. अळ्या मारणाऱ्या टेमिफॉसचे १ टक्क्याचे दाणे असतील तर १०० लिटरला १० ग्रॅम, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. हौद ८०० लिटरचा आहे की १,२०० चा, हे डोळ्याने ठरवणाऱ्याची मात्रा नेहमीच चुकते. टेप बरोबर हवी.

आता यंत्रमाग. टॉवेल आणि चादरीच्या या शहरात व्यावसायिक आरोग्य हा ऐच्छिक पेपर असूच शकत नाही. कारखाना नियमांची परंपरागत मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल अशी आहे. आवाज ९५ झाला की चार तास, १०० ला दोन तास. दर ५ डेसिबलला वेळ निम्मा. हाच नियम बारा तासांच्या पाळीला लावला तर मर्यादा ८७ च्या आसपास येते. पॉवरलूमच्या शेडमध्ये यापेक्षा जास्तच आवाज सापडतो. अशा बऱ्याच शेड इतक्या लहान असतात की कारखाना म्हणून नोंदच होत नाही, त्यामुळे मोजायला कुणी येत नाही. विद्यार्थ्याने ध्वनिमापक ‘ए’ भारांकनावर (माणसाच्या कानाला जुळणाऱ्या मापावर) आणि संथ प्रतिसादावर ठेवावा, मोजणीआधी आणि नंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासावा, आणि शेडच्या दारात उभे न राहता कामगाराच्या कानाजवळ मोजावे. श्रवणचाचणी घ्यायची तर कामगार आधीचे चौदा-सोळा तास आवाजापासून दूर असला पाहिजे. पाळी संपल्यावर लगेच घेतली तर तात्पुरता आलेला बहिरेपणा कायमचा म्हणून नोंदला जातो. आवाजाने आलेल्या बहिरेपणात ४,००० हर्ट्‌झच्या आसपास खड्डा दिसतो. तो खड्डा ओळखता यायला हवा.

कापसाच्या धुळीचा दमा, म्हणजे बिसिनोसिस, विणकामापेक्षा पिंजण आणि कताईत जास्त होतो, त्यामुळे तो शोधायला सूतगिरणीत जावे लागेल. त्याची खूण म्हणजे साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे. फुंकरीची चाचणी (फुप्फुसांची क्षमता मोजणारी) त्याच दिवशी, पाळीच्या आधी आणि नंतर घ्यायची. गुरुवारी घेतलेली चाचणी पुष्कळदा काहीच दाखवत नाही.

विडीचा धंदा घरात चालतो. बाई सूप मांडीवर घेऊन बसते, तेंदूपान आणि तंबाखू समोर, लहान मूल शेजारी. तंबाखूची धूळ श्वासातून जाते, निकोटीन ओल्या हातांच्या कातडीतूनही जाते. इथे खोलीच्या कोपऱ्यात यंत्र ठेवून भागत नाही. पंप कमरेला, फिल्टर गळ्याशी, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत. मिनिटाला २ लिटर हवा सहा तास ओढली तर ७२० लिटर, म्हणजे ०.७२ घनमीटर. फिल्टरचे वजन ०.९ मिलिग्रॅमने वाढले तर धूळ घनमीटरला १.२५ मिलिग्रॅम. पंपाचा वेग सुरुवातीला आणि शेवटी मोजायचा. फरक ५ टक्क्यांहून जास्त पडला तर तो नमुना टाकून द्यायचा. एक कोरा फिल्टर तसाच नेऊन परत आणायचा, नाहीतर पावसाळ्यातल्या दमटपणाने वाढलेले वजन धूळ म्हणून मोजले जाते. आणि हे सगळे जिच्यासाठी करायचे, तिच्याशी तिच्या भाषेत बोलता आले पाहिजे. सोलापुरात ही भाषा पुष्कळ ठिकाणी तेलुगू असते, कुठे कन्नड, कुठे उर्दू. अभ्यासक्रमात या तीन भाषांतली मुलाखत घेण्याची, प्रश्नावली तोंडी विचारण्याची तयारी असावी, असा आमचा आग्रह आहे. दुभाषा म्हणून मुकादम बसला तर उत्तरे मुकादमाची मिळतात.

उन्हाचे वेगळे सांगायला नको. फक्त एवढेच, की पत्र्याच्या शेडमधला उष्णतेचा ताण साध्या तापमापकाने कळत नाही. ओल्या वातीचे तापमान ०.७ ने आणि काळ्या गोळ्याचे ०.३ ने गुणून बेरीज करावी लागते. बाहेर उन्हात ०.७, ०.२ आणि कोरड्या तापमानाचे ०.१. सोलापूर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या शहरांपैकी आहे, तेव्हा हवेतल्या धुळीचे मोजमापही अभ्यासक्रमात येईलच.

अन्नातून होणाऱ्या विषबाधेसाठी उपवासाची भगर हे उदाहरण घ्यावे. एकादशीच्या पंचक्रोशीत याहून जवळचे दुसरे मिळणार नाही. भगरीच्या पिठाने चक्कर, उलट्या आणि थरथर झाल्याच्या घटना महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा होतात आणि संशय पिठात वाढणाऱ्या बुरशीच्या विषावर असतो. ते विष शिजवल्याने जाईलच असे धरून चालत नाही. साठ जण जेवले असे समजू. भगर खाणारे ४०, त्यांतले ३० आजारी. न खाणारे २०, त्यांतले २ आजारी. एकीकडे ७५ टक्के, दुसरीकडे १०. धोका साडेसात पट. हा तक्ता आजारी न पडलेल्यांना विचारल्याशिवाय तयारच होत नाही, आणि नेमके त्यांनाच कुणी विचारत नाही. तोवर भांडी घासून झालेली असतात, म्हणून उरलेले पीठ आणि दुकानातली त्याच पोत्याची भगर पहिल्या तासातच ताब्यात घ्यायची असते.

पंढरपूरची आषाढी तर दरवर्षी येणारी, आधीपासून तारीख माहीत असलेली प्रयोगशाळा आहे. १०,००० लिटरच्या टँकरला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर २० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३३ टक्क्यांची ६० ग्रॅम टीसीएल. टाकायची भरताना, म्हणजे ती रस्त्यातच मिसळते आणि अर्ध्या तासाचा वेळ वाटेतच पुरा होतो. वाटपाच्या नळाशी पुन्हा मोजणी. आणीबाणीच्या छावणीसाठी सुरुवातीला ५० माणसांमागे एक शौचालय असे प्रमाण जगभर धरतात. या हिशेबाने वारीतल्या एखाद्या तळाला किती लागतील, हे विद्यार्थी पाच मिनिटांत सांगेल. टाक्या किती तासांत भरतील, उपसणारी गाडी गर्दीतून कशी येईल आणि उपसलेले कुठे जाईल, हे सांगायला त्याला तिथे दोन दिवस उभे राहावे लागेल. गटारात किंवा टाकीत उतरण्याआधी हवा तपासायची, तीही शिकवावी: आधी प्राणवायू, मग पेटणारे वायू, मग हायड्रोजन सल्फाइड. शेवटचा वायू १०० पीपीएमच्या आसपास गेला की वास येणेच बंद होते, त्यामुळे ‘आता वास नाही’ म्हणून उतरलेला माणूस वर येत नाही.

साथरोगशास्त्रासाठी जिल्ह्यात एक ठेवा आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. गावात चार रुग्ण सापडले म्हणून लगेच पाण्याला किंवा फवारणीला दोष देता येत नाही; किती लोकांत, किती वर्षांत, कोणत्या वयात, हे भाजक लागतात. ते कुठून येतात, हे बार्शीच्या नोंदणीइतके चांगले कोण शिकवेल?

आता आम्हाला ज्यावर सर्वात जास्त बोलायचे आहे ते: तास आणि नोकरी.

संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात पर्यावरण संरक्षण अधिकारी आणि व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा अधिकारी ही नावे आहेत. हा कायदा आरोग्य व्यावसायिकाच्या पदवीला किमान ३,६०० तास मागतो. तीन वर्षांचे १३२ श्रेयांक (क्रेडिट) धरा, निम्मे वर्गातले आणि निम्मे प्रात्यक्षिकाचे. वर्गातल्या श्रेयांकाला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकाला ३० तास या दराने ९९० अधिक १,९८०, म्हणजे २,९७० तास. कमी पडतात. चार वर्षांचे १७६ श्रेयांक तसेच विभागले तर १,३२० अधिक २,६४०, म्हणजे ३,९६०. म्हणून आमची मागणी चार वर्षांचीच आहे, आणि प्रात्यक्षिक निम्म्याच्या खाली न आणण्याची. वर्गखोल्या स्वस्त पडतात म्हणून प्रात्यक्षिक ३० टक्क्यांवर आणले तर चार वर्षांतही ३,४३२ तासच भरतात. सातवे सत्र पूर्ण क्षेत्रकामाचे ठेवावे. दक्षिण आफ्रिकेत या पदवीनंतर एक वर्षाची सक्तीची समाजसेवा असते. आपल्याला निदान एक सत्र जमले पाहिजे.

नोकरीच्या बाबतीत पालकांना स्पष्ट सांगावे लागेल. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र अशा पदव्यांची नावे आहेत, पर्यावरणीय आरोग्याचे नाव नाही. महापालिका आणि नगरपालिकांत स्वच्छता निरीक्षकासाठी स्वतंत्र पदविका मागितली जाते. म्हणजे चार वर्षे शिकलेली मुलगी एक वर्षाच्या पदविकेअभावी अर्जच करू शकणार नाही. म्हणून प्रवेशाची जाहिरात देण्याआधी दोन गोष्टी लेखी व्हाव्यात. पहिली, स्वच्छता निरीक्षक पदविकेतला सगळा अभ्यास पदवीत सामावून नगरविकास विभागाकडून समकक्षता. दुसरी, मुख्य विषयाबरोबर सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायन हा गौण विषय ठेवायचा, आणि गौण विषयावर अन्नसुरक्षेची पात्रता लागते की नाही याचे उत्तर संबंधित विभागाकडून आधीच मागवायचे. उत्तर नाही असे आले, तर तेही माहितीपुस्तिकेत छापावे.

यंत्रांत पहिली खरेदी मोठ्या नावाच्या यंत्राची नको. दोन इनक्युबेटर, ३७ आणि ४४.५ अंशांचे, ऑटोक्लेव्ह, मेम्ब्रेन फिल्टरची मांडणी, गढूळपणा मापक, डीपीडी संच, ध्वनिमापक आणि त्याचा कॅलिब्रेटर, धुळीचे चार पंप आणि पाच दशांश स्थानांचा तराजू, फुंकरीचे यंत्र, सूक्ष्मदर्शक. दरवर्षीच्या कॅलिब्रेशनची तरतूद खरेदीच्याच ठरावात असावी, कारण दुसऱ्या वर्षी ती कधीच मिळत नाही. शिक्षकांत निदान एक पाणी-प्रयोगशाळेतला, एक कीटकशास्त्रातला आणि एक कारखान्यातला असावा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनवैद्यक विभागाशी करार करून साथरोगशास्त्र तिकडे शिकवता येईल.

शैक्षणिक वर्ष पावसाबरोबर सुरू होते, त्याच सुमारास गढूळ पाणी, डासांची वाढ आणि आषाढीही येते. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे पहिले प्रात्यक्षिक वारीच्या आधीच्या आठवड्यात पालखी मार्गावरच्या विहिरींवर ठेवावे. त्याचा आराखडा, नोंदीचे तक्ते आणि वरच्या सर्व प्रात्यक्षिकांच्या कृती आम्ही लिहून देऊ. अभ्यासमंडळाच्या बैठकीत त्यावर चर्चेसाठी वेळ द्यावा.

कळावे.

आपले,
पाणी तपासणी, डास नियंत्रण, औद्योगिक आरोग्य आणि अध्यापन या क्षेत्रांत काम करणारे काही सोलापूरकर